फाटकातली गर्दी

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘अडवणूक’ असा कळवला. रास्ता रोको, टोलनाके आणि सरकारी टेबलं यांवर बाकीची मंडळी लिहितीलच, असं गृहीत धरून मी इंटरनेटवरची अडवणूक घेतली. तांत्रिक भाषेत तिला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. तीच हजारो यंत्रांकडून एका वेळी करवली की तिचं ‘डीडॉस’ होतं. यात कुणी कुलूप फोडत नाही की माहिती चोरत नाही. खोटी मागणी इतकी पाठवायची की खऱ्या माणसाला जागाच उरू नये, एवढंच. अशा लेखासाठी एरवी नवी मुंबईतलं एखादं थंडगार डेटा सेंटर बघायला जातात. मी झरी जामणीला गेलो. सेवा अडते तेव्हा नेमकं कुणाचं काय अडतं, हे रांगेच्या शेवटच्या टोकाला जास्त नीट दिसेल असं वाटलं.

पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद महामार्ग सोडला की झरीचा रस्ता कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून जातो. यवतमाळ जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोपरा. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. बाजारात मराठीच्या जोडीनं तेलुगू ऐकू येते, पोडांवरून, म्हणजे आपल्या वस्त्यांवरून, आलेली कोलाम माणसं आपसांत कोलामी बोलतात, आणि नदीकाठी फोन कधी कधी पलीकडचा टॉवर पकडतो.

रस्त्यालगतच्या एका ऑनलाइन केंद्रात बसलो होतो. केंद्र चालवणारी ताई तिशीतली. समोर लॅपटॉप, प्रिंटर, अंगठा घेणारं यंत्र, आणि भिंतीवर नजर ठेवणारा एक स्वस्तातला कॅमेरा. बाकावर सातबारा आणि आधारच्या झेरॉक्सा घेऊन माणसं.

“काय झालं वं ताई?”

“साइट फिरून राहिली, काकाजी. थांबा थोडं.”

“कालबी फिरूनच राहिली होती.”

यावर कुणी हसलं नाही. ताईनं मला सांगितलं, की शेवटची तारीख जवळ आली की ती लोकांची कागदपत्रं ठेवून घेते आणि फॉर्म रात्री अकरानंतर भरते, तेव्हा साइट हलकी असते. अडचण एकच. ओटीपी शेतकऱ्याच्या फोनवर जातो. मग रात्री फोन लावायचा, त्याला उठवायचं, आकडे वाचून घ्यायचे, आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली तर पुन्हा पहिल्यापासून. ओटीपी कुणालाही सांगू नका, असा सरकारी संदेश त्याच फोनवर येत असतो.

साइट का फिरते? त्या खुर्चीतून बघितलं तर कारणं अनेक असू शकतात. कुठे तरी जेसीबीनं केबल तोडली असेल. राज्यभरातून लाखो लोक त्याच घटकेला आले असतील. कुणी मुद्दाम हल्ला केला असेल. किंवा हल्ला होऊ नये म्हणून बसवलेल्या पहारेकऱ्यानं याच केंद्राला संशयित ठरवलं असेल. पडद्यावर चारही वेळा तेच गोल कडं फिरतं.

टोकन घेऊन पसार

यातलं दुसरं कारण महाराष्ट्राला चांगलंच ओळखीचं आहे. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. ३१ जुलै ही शेवटची तारीख होती. अर्ज भरताना तांत्रिक अडचणी आल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या वेळी ‘नारीशक्ती दूत’ ॲपपुढे तीच झुंबड. २०२५पासून हमीभावानं कापूस विकायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करायची आणि मग दिवस ठरवून घ्यायचा. या गर्दीत वाईट हेतूचा एकही माणूस नाही. तरीही सर्व्हरच्या दृष्टीनं ही गर्दी आणि हल्ला यांत फरक करणं सोपं नसतं, कारण त्याला हेतू दिसत नाही. मागण्या तेवढ्या दिसतात.

कापूस खरेदी केंद्राचं फाटक या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. समजा, फाटकावर टोकन देणारा एकच माणूस आहे आणि आत दोनशे गाड्यांची जागा आहे. भल्या पहाटे दोनशे उपटसुंभ येतात, टोकन घेतात आणि पसार होतात. त्यांच्या नावावर जागा राखलेली, गाड्या मात्र येतच नाहीत. भरलेली गाडी घेऊन आलेला शेतकरी बाहेर उभा. टोकनवाल्यानं चूक काहीच केलेली नाही. त्यानं नियम पाळला, आणि नियम पाळला म्हणूनच तो अडकला.

१९९६च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधल्या ‘पॅनिक्स’ या इंटरनेट कंपनीला हेच झालं. दोन संगणक जोडले जाताना तीन संदेशांची देवघेव होते. पहिला विचारतो, ‘जोडू का?’ दुसरा म्हणतो, ‘जोड’, आणि पहिल्याच्या ‘बरं’ची वाट बघत एक जागा राखून ठेवतो. पॅनिक्सकडे खोट्या पत्त्यांवरून ‘जोडू का?’चा पाऊस पडला आणि ‘बरं’ एकदाही आलं नाही. उपायही त्याच महिन्यात सुचला, तो डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाला. त्याची युक्ती मला अजूनही मोहक वाटते. सर्व्हरनं जागा राखायचीच नाही. जोडणीचा तपशील एका सांकेतिक आकड्यात गुंफून उत्तरासोबत पाठवून द्यायचा आणि स्वतः विसरून जायचं. समोरचा तो आकडा घेऊन परत आला तरच जागा द्यायची. पत्ता खोटा असेल तर आकडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ‘सिन कुकी’ नावाची ही युक्ती आज लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरांत तयारच असते.

त्यानंतर हल्ले दोन दिशांना वाढले. एक आडदांड प्रकार, आत येणारी तारच तुडुंब भरून टाकायची. दुसरा कावेबाज. त्यात मागण्या थोड्याच असतात, पण अशा की प्रत्येकीमागे सर्व्हरला घाम फुटावा. साधं पान दाखवणं सर्व्हरला सोपं जातं, कारण त्याची प्रत तयार असते. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडून नोंद शोधायला लावणं महाग पडतं, कारण दर वेळी मागच्या डेटाबेसला उठवावं लागतं. हल्लेखोर शोधाच्या खिडकीवर टपून बसतात ते यासाठी.

कॅमेऱ्याचा जोडधंदा

आडदांड हल्ल्यासाठी एवढी यंत्रं आणायची कुठून? याचं एक उत्तर ताईच्या भिंतीवर लटकत होतं. तिचा कॅमेरा बाधित होता, असं मी म्हणत नाही. मला ते तपासता आलं नसतं. पण २०१६मध्ये जगाला ज्यानं हादरवलं, ते ‘मिराई’ नावाचं घुसखोर सॉफ्टवेअर अशाच कॅमेऱ्यांवर, त्यांच्या रेकॉर्डिंगच्या डब्यांवर आणि घरगुती राउटरांवर जगत होतं. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन आणि त्याच लायकीच्या बाकीच्या. इंटरनेटवर उघडं दिसणारं यंत्र शोधायचं, एकेक जोडी लावून बघायची, लागली की यंत्र आपलं. मालकाला काही कळत नाही, कॅमेरा चित्र दाखवतच राहतो. हुकूम आला की तो हजारो मैलांवरच्या कुणावर तरी मागण्यांचा भडिमार करतो.

मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहायचं. वीज गेली की पुसलं जायचं. म्हणजे आपल्याकडचं भारनियमन हा या रोगावरचा मोफत उतारा ठरायला हवा होता. पण पासवर्ड तोच राहिला तर वीज परत आल्यावर काही मिनिटांत लागण पुन्हा व्हायची. अर्थात, नेट पुरवणारा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवत असेल, तर बाहेरून असा कॅमेरा सहसा दिसत नाही. गावोगावच्या कॅमेऱ्यांना लाभलेलं हे संरक्षण कुणी ठरवून दिलेलं नाही. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते, ते पुढे येईल.

मिराई लिहिणारी पोरं विशीच्या आसपासची होती. त्यांतला न्यू जर्सीचा पारस झा रटगर्स विद्यापीठात शिकत होता आणि स्वतःच्याच विद्यापीठाचं नेटवर्क पाडत होता. त्याच वेळी तो ‘प्रोट्राफ सोल्यूशन्स’ नावाची, डीडॉसपासून संरक्षण विकणारी कंपनीही चालवत होता! मूळ भांडण माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांच्या धंद्यातलं. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पडला की त्याची गिऱ्हाइकं आपल्याकडे. डिसेंबर २०१७मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केला.

दुसरा मार्ग परस्पर उत्तराचा. पाकिटावर पाठवणारा म्हणून बळीचा पत्ता टाकायचा आणि जगभरच्या उघड्या सर्व्हरांना छोटासा प्रश्न विचारायचा. मोठाली उत्तरं बळीच्या दारात जाऊन पडतात. ‘मेमकॅश्ड’ नावाच्या प्रणालीत उत्तर प्रश्नाच्या ५१,००० पटींपर्यंत फुगू शकत होतं. २८ फेब्रुवारी २०१८ला प्रोग्रॅमरांच्या गिटहब या साइटवर याच मार्गानं सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा आला. खोट्या पत्त्याचं पाकीट उगमापाशीच अडवा, हा सल्ला इंटरनेटच्या नियमपुस्तकात २०००पासून आहे. पण तो पाळण्याचा खर्च एकाचा आणि फायदा भलत्याचाच, म्हणून सगळे पाळत नाहीत.

मुंबई, जुलै २०१६

मिराईचं नाव जगाला कळण्याच्या दोनेक महिने आधी मुंबईतल्या इंटरनेट पुरवठादारांवर मोठा हल्ला झाला. बळी एखादी वेबसाइट नव्हती, तार पुरवणाऱ्या कंपन्याच होत्या. त्यात छोटे पुरवठादारही होते, इमारतीच्या गच्चीवरून केबल टाकून घरोघर नेट देणारे. लोंढा सेकंदाला २०० गिगाबिटपर्यंत गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तेव्हाचे राज्याचे सायबर विभागाचे पोलीस महानिरीक्षक ब्रिजेश सिंह यांनी हल्ल्याला जाहीर दुजोरा दिला. ग्राहकांना जाणवलं ते एवढंच, की नेट रांगतंय.

२०० गिगाबिट म्हणजे किती? शंभर मेगाबिटच्या दोन हजार जोडण्या एकाच वेळी काठोकाठ भरल्या, तर तेवढे होतात. छोट्या पुरवठादारानं वरच्या मोठ्या कंपनीकडून घेतलेली एकूण तार याच्या एका लहानशा तुकड्याएवढी असते. त्यामुळे त्याच्या कार्यालयात बसवलेल्या फायरवॉलचा उपयोग नसतो. पाणी नळापर्यंत पोचायच्या आधीच नळाचा पाइप फुटलेला असतो. असा हल्ला वरच अडवावा लागतो.

आज २०० गिगाबिटला कुणी दचकणार नाही. हल्ल्यांपासून संरक्षण विकणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीनं २०२५च्या सप्टेंबरात २२.२ टेराबिटचा हल्ला परतवल्याचं जाहीर केलं. ते त्याच्या शंभरपटीहूनही जास्त भरतं.

होस्टवाला काय करतो

वेबसाइट ज्याच्या यंत्रावर राहते तो होस्ट. असे होस्ट महाराष्ट्रात बरेच आहेत. नाशिकला ईएसडीएस ही कंपनी २००५पासून आहे, आणि नवी मुंबई-पनवेलकडे डेटा सेंटरांची दाटी झाली आहे. पण आपल्या ओळखीच्या साइट, म्हणजे गावची पतसंस्था, जिल्ह्याचं साप्ताहिक, एखादं महाविद्यालय, या बहुधा वर्षाला काही हजार रुपयांच्या शेअर्ड होस्टिंगवर असतात. एका यंत्रावर शेकडो बिऱ्हाडं, बहुतेकांचा आयपी पत्ता एकच.

हल्ला आला की होस्टचं पहिलं काम म्हणजे नेमका कोण लक्ष्य आहे ते शोधणं. सगळ्यांचा पत्ता एक असल्यानं ते बाहेरून कळत नाही. मग साइटींची विभागणी करतात. अर्ध्या एका नव्या पत्त्यावर, अर्ध्या दुसऱ्यावर. लोंढा ज्यामागे जाईल, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. शेवटी एक साइट हाती लागते. त्यानंतर बऱ्याच वेळा जे होतं, ते ग्राहकाला धक्का देणारं असतं. होस्ट त्याचंच खातं बंद करतो. करारातल्या बारीक अक्षरांत तो अधिकार लिहिलेला असतो. यात दुष्टपणा नाही. एकाला काढलं नाही तर उरलेले तीनशे बुडतात.

याच हिशेबाची मोठी आवृत्ती म्हणजे ‘ब्लॅकहोल’. होस्ट वरच्या कंपनीला सांगतो, की या पत्त्याकडे येणारं सगळं फेकून द्या, खरं-खोटं बघत बसू नका. या निरोपासाठी २०१६पासून एक ठरलेला शिक्काही आहे, ६५५३५:६६६. राउटरांच्या आपसांतल्या बोलण्यात हा आकडा दिसला की तो मानणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात त्या पत्त्याकडे जाणारं सगळं फेकलं जातं. तार मोकळी होते, शेजारी वाचतात. आणि हल्लेखोराला जे हवं होतं ते पूर्ण होतं, होस्टच्याच हातून. मी या विषयावर जितकं वाचलं, तितकं मला हे जास्त खटकत गेलं. अडवणुकीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ज्याची अडवणूक होते आहे, त्यालाच काढून टाकणं.

महागडा उपाय आहे. लोंढा आधी स्क्रबिंग सेंटरकडे वळवायचा. तिथे प्रचंड तारा आणि यंत्रं असतात. कचरा गाळायचा, उरलेलं खरं वेगळ्या वाटेनं मूळ सर्व्हरकडे पाठवायचं. किंवा एकच पत्ता जगभरातल्या शेकडो शहरांतून एका वेळी जाहीर करायचा, म्हणजे ब्राझीलमधला कचरा ब्राझीलमध्येच जिरतो आणि मुंबईतला मुंबईत. गिटहबनं २०१८मध्ये वाट अकामाय कंपनीकडे वळवली आणि नऊएक मिनिटांत साइट पूर्ववत झाली. पण ही ताकद जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे. ब्रायन क्रेब्स या पत्रकाराच्या साइटवर सप्टेंबर २०१६मध्ये ६२० गिगाबिटचा हल्ला झाला, तेव्हा अकामाय त्याला फुकट संरक्षण देत होती. त्यांनी हल्ला परतवला, पण खर्चाचा विचार करून नंतर त्याला दुसरीकडे जायला सांगितलं. काही दिवस साइट अंधारात होती. पुढे पत्रकारांना मोफत संरक्षण देणाऱ्या गुगलच्या योजनेत तिला जागा मिळाली. क्रेब्सला जग ओळखत होतं म्हणून त्याच्यासाठी दार उघडलं. जिल्ह्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाला बहुधा होस्टचा एक छापील ई-मेल येतो.

पहारेकऱ्याची नजर

गाळणी लावायची तर खरं कोण हे ओळखावं लागतं. मिनिटाला एका पत्त्यावरून किती मागण्या आल्या ते मोजतात. ब्राउझरला एक छोटं गणित सोडवायला देतात. चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल शोधायला लावतात.

हे सगळं शहरातल्या नव्या फोनवर क्षणात उरकतं. झरीत मात्र सामायिक पत्त्यानं कॅमेऱ्यांना दिलेल्या मघाच्या संरक्षणाची किंमत वसूल होते. मोबाइल कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे सार्वजनिक पत्ते अपुरे असतात, म्हणून शेकडो ग्राहक एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात. तालुक्यातली चार केंद्रं आणि बाजारातली माणसं पहारेकऱ्याला एकच माणूस दिसू शकतात, तोही मिनिटाला शेकडो मागण्या करणारा. त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये बाधा असेल तर सगळ्यांच्या पत्त्याला डाग. ताई तर एका लॅपटॉपवरून दिवसभर तोच फॉर्म पुन्हा पुन्हा उघडते, वेगवेगळी नावं घालते आणि अडकलं की पान ताजं करत राहते. यंत्राच्या मोजपट्टीवर तिचं वागणं बॉटसारखंच, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमसारखंच भरतं.

“मलेच विचारते, तुम्ही रोबोट हाय का म्हणून,” ती म्हणाली. “आन मी हो म्हटलं तर?”

पहारा कधी सरहद्दीवर बसतो. मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला, तेव्हा मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी आपल्या वेबसाइट परदेशातून उघडण्यावर काही काळ मर्यादा घातली. परदेशी पत्ते कापले की देशाबाहेरची बाधित यंत्रं एका झटक्यात बाद होतात, पण त्यांच्याबरोबर तिथला खरा गुंतवणूकदारही जातो. त्या दिवसांत देशावर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाल्याचं आणि त्यांतले जेमतेम १५० यशस्वी ठरल्याचं महाराष्ट्र सायबरच्या अहवालात होतं. हा ‘हल्ला’ मोजायचा कसा, हे बातम्यांत फारसं कुणी विचारलं नाही. डीडॉसमधली एकेक मागणी मोजली तर पंधरा लाख एका मिनिटात भरतात.

पहारेकरी स्वतःच कोसळतो, असंही होतं. १८ नोव्हेंबर २०२५ला क्लाउडफ्लेअर बंद पडलं आणि जगातल्या असंख्य साइट सोबत गेल्या. त्यांच्या अभियंत्यांना आधी प्रचंड डीडॉस असल्याचा संशय आला. निघालं भलतंच. बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल प्रमाणाबाहेर फुगली होती.

कलम आणि नोंद

कायद्यात हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३मध्ये, अधिकृत माणसाला संगणकापर्यंत पोचू न देणं असं स्वतंत्र उपकलम आहे. कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देशाच्या सुरक्षेला धोका पोचवण्याचा हेतू असेल तर कलम ६६-एफ आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा. यात ‘निषेध म्हणून केलं’ ही पळवाट नाही. २०१२च्या मे-जूनमध्ये साइटबंदीच्या विरोधात ‘अ‍ॅनॉनिमस’ या हॅकरगटानं सर्वोच्च न्यायालयाच्या साइटला लक्ष्य केलं. ९ जूनला मुंबईत मुखवटे घालून निदर्शनंही झाली. आझाद मैदानात बसून रस्ता अडवणं आणि घरी बसून सर्व्हर अडवणं यांत फरक काय, असा युक्तिवाद तेव्हा होत होता. मला तो पटत नाही. मैदानात बसणारा आपलं शरीर तिथे नेतो आणि पोलिसांच्या गाडीत बसायची तयारी ठेवतो. इथे दुसऱ्याचे कॅमेरे राबवले जातात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे डीडॉसची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. होस्ट, डेटा सेंटर, सरकारी खाती, सगळ्यांना हे लागू. त्या नोंदींत आलेल्या मागण्या असतात, गाळलेल्या मागण्या असतात, आयपी पत्ते असतात. काकाजी सलग दोन दिवस बाकावर बसून परत गेले, त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि जाण्यायेण्याचा खर्च झाला, याला त्या नोंदीत रकाना नाही.

ताईनं स्वतःचा एक बंदोबस्त केला आहे. साइट अडली की ती वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढते आणि केंद्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकते. इतर तालुक्यांतूनही तसेच येऊ लागले, की दोष आपल्या नेटचा नाही, वरचा आहे, हे सगळ्यांना कळतं. पुरेसे जमले की कुणी तरी ते पुढे पाठवतं. मुदत वाढली तर सगळ्यांसाठी वाढते, नाही वाढली तर ते फोनमध्ये जागा खात राहतात. मी होतो त्या संध्याकाळी गटावर वणी आणि मारेगावकडून स्क्रीनशॉट येत होते. मुदतवाढीचं पत्र आलेलं नव्हतं, आणि ताईनं रात्रीच्या फोनसाठी नंबरांची यादी करायला घेतली होती.